मिटलेल्या प्रवाळाची तक्रार



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांच्या मुखातून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, अशी मराठी माणसाला सवय लागून राहिली आहे. आज त्या सवयीला थोडा धक्का बसणार आहे, कारण आम्ही विद्वान नव्हे. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली, त्यापाठोपाठ आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या बाकावर. चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, कंत्राटी कामगार किंवा नव्या कामगार संहिता अशी काही तरी असावी. आम्ही म्हणालो, "घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मऊ प्रवाळ का सुकतात, यावर बोलू." ते थोडे हसले, पण त्यांनी नाही म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

हा नाद आम्हांस कसा लागला ते आधी सांगतो. चर्नीरोड स्टेशनाजवळ, समुद्राच्या काठी, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले असेल. वडिलांच्या सुटीच्या दिवशी त्यांचे बोट धरून आम्ही तेथे जात असू. काचेपलीकडचे ते रंगीत जग डोळ्यांत राहून गेले. पन्नाशी उलटल्यावर एका सहकाऱ्याने घर बदलताना आपली टाकी आम्हांस देऊन टाकली. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे दीडशे लिटर. लालबागच्या चाळीतल्या खोलीत ती आली आणि घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. दिवाळीनंतर आम्ही तीत मिठाचे पाणी, खडक आणि दोन मासे सोडले. फेब्रुवारीत एका स्नेह्याने आपल्या टाकीतले मऊ प्रवाळ कापून पाच तुकडे दिले.

प्रवाळ म्हणजे काय, याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. अंगठीत मंगळासाठी पोवळे घालतात, ते पुष्कळांना खडा वाटते. तो खडा नव्हे. समुद्रातल्या हजारो बारीक जीवांनी मिळून बांधलेल्या घराचा तो सांगाडा आहे. प्रवाळांत दगडी घर बांधणारे असतात, तसेच दगड न बांधणारेही असतात. या दुसऱ्यांना बाजारात 'सॉफ्ट कोरल' म्हणतात. आपण मऊ प्रवाळ म्हणू. त्यांच्या मांसल अंगात चुन्याचे बारीक कण तेवढे असतात. त्यांतला खरा मऊ प्रवाळ प्रत्येक तोंडाभोवती आठ स्पर्शिका धरतो, आणि गंमत अशी की अंगठीतले तांबडे पोवळेही याच आठ स्पर्शिकांच्या कुळातले आहे. टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो, शैवाल उजेडावर अन्न तयार करून त्यातला वाटा प्रवाळाला देते. हा करार मोडला की प्रवाळ फिका पडतो आणि उपाशी मरतो.

आमच्या पाच तुकड्यांत एक छत्रीसारखा चिवट प्रवाळ होता. एक सतत मुठी उघडझाप करणारा होता, त्याचे शास्त्रीय नाव झेनिया. एक हिरव्या गवतासारखा पसरणारा, आणि दोन बटणांसारख्या तोंडांचे गुच्छ, ज्यांना दुकानात 'झोआ' म्हणतात. हे गुच्छ काटेकोर शास्त्राने मऊ प्रवाळांत मोडत नाहीत. पण त्यांचे दुखणे-बाणे बरेचसे सारखेच.

मार्चमध्ये एके दिवशी छत्री मिटली. चकचकीत मेणासारखा पापुद्रा अंगावर आला. आम्ही घाबरून बाजारातल्या एका दुकानदाराकडे धावलो. त्याने एक बाटली दिली. सात दिवस थेंब मोजून घातले; आठव्या दिवशी पापुद्रा गळून पडला आणि छत्री पूर्वीपेक्षा टवटवीत उघडली. आम्ही त्या बाटलीला नमस्कार केला!

पुढे वाचल्यावर कळले की या जातीचा प्रवाळ अधूनमधून कात टाकतोच. तो काही दिवस मिटून बसतो, पापुद्रा टाकतो आणि उघडतो. त्याला औषध लागत नाही. पापुद्रा वाहून जाईल एवढी पाण्याची हालचाल लागते. ही त्याची हक्काची रजा होती, आणि आम्ही ती आजार समजलो. रजेवरचा माणूस आठव्या दिवशी कामावर येणारच होता. श्रेय मात्र वैद्याने घेतले. मंडळी, आमच्या पुढच्या नुकसानीचे मूळ या खोट्या यशात आहे.

एप्रिल संपता संपता उकाडा वाढला. टाकीचे पाणी ३१ अंशांवर गेले. या प्राण्यांना २४ ते २७ अंश मानवते. पाणी थंड करणारे यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचे, म्हणून आम्ही टाकीवरचे काचेचे झाकण काढले आणि एक छोटा पंखा पाण्यावर लावला. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, हे आपल्या माठाचेच शास्त्र. पाणी २८ अंशांवर आले. आम्ही खूष झालो. रोज दीड-दोन लिटर पाणी कमी होऊ लागले, तेवढे आम्ही नेमाने भरू लागलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात झेनियाच्या मुठी थांबल्या. दोन दिवसांत तो अक्षरशः विरघळला. मग गुच्छ मिटले, हिरवे गवत आत ओढले गेले, छत्री झुकली आणि तिच्या बुडाशी एक तपकिरी मऊ डाग दिसू लागला. आता आम्ही काय करावे? जे मार्चमध्ये 'यशस्वी' झाले होते तेच केले. बाटली ओतली. दुसरी बाटली आणली. दिवा मंद असेल म्हणून नवा प्रखर दिवा लावला. पाणी घाण झाले असेल म्हणून एका संध्याकाळी अर्धी टाकी उपसून नवे पाणी भरले. चार उपाय, एक संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सगळे आणखी मिटलेले. आता यांतला कोणता उपाय चुकला हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते, कारण चारही एकदम केले होते.

त्या रात्री आम्हांस स्वतःची लाज वाटली. तीस वर्षे आम्ही मालकांना एकच गोष्ट सांगत आलो आहो. कामगार काम थांबवतो तेव्हा त्याला आळशी म्हणू नका, त्याच्यावर नोटिसा ओतू नका, आधी कामाची स्थिती तपासा. आणि घरातल्या काचेच्या कारखान्यात आम्ही स्वतः काय करीत होतो? प्रवाळाला तोंड आहे, पण आवाज नाही. मिटून बसणे हीच त्याची तक्रार. ती वाचण्याऐवजी आम्ही ती दाबू पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि हजेरीपुस्तकासारखे रकाने आखले. तारीख, वेळ, उष्णता, खारेपणा, किती पाणी भरले, कोण उघडा, कोण मिटलेला. सर्व बाटल्या बंद. दिवा पुन्हा जुना. मग पहिला प्रश्न विचारला, तो आपणही लक्षात ठेवावा: एकटा आजारी आहे की सगळे? खात्यातला एक माणूस गैरहजर असेल तर त्याच्या घरी चौकशी करावी. पण अख्खी पाळी बसली असेल तर कारखान्यात पाहावे. एकच प्रवाळ मिटला असेल तर त्याची जागा, त्याच्यावरचा उजेड, त्याच्या अंगावरचा कीडा, त्याचा शेजारी तपासावा. सगळे मिटले असतील तर कारण सगळ्यांना समान असलेल्या वस्तूत असणार. ती वस्तू म्हणजे पाणी.

परंतु आमचा हायड्रोमीटर तर पाणी ठीक आहे असे सांगत होता! समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. आमचा काटा १.०२६ वरच होता. येथे आमची बुद्धी खुंटली.

आमच्या चाळीत एक मावशी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्याकडे वीस-पंचवीस गिरणी कामगारांची खानावळ असे. त्या संध्याकाळी दाराशी येऊन बसल्या आणि आम्ही बादलीत मीठ कालवून टाकीत ओततो ते पाहू लागल्या.

"हे काय रे ओततोस?"

"मावशी, पाणी कमी झालंय. खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणून खारं पाणी भरतोय."

"आणि कमी झालं ते गेलं कुठं?"

"वाफ होऊन गेलं."

"मग मीठ पण उडून गेलं का? अरे बाबा, आमटी आटली तर तू तिच्यात पुन्हा मीठ घालतोस, की पाणी?"

आम्ही हातातली बादली खाली ठेवली. उडते ते पाणी; मीठ जागच्या जागी राहते. दोन लिटर खाऱ्या पाण्याबरोबर आम्ही रोज सत्तर ग्रॅमपर्यंत मीठ टाकीत घालीत होतो. पंखा लावल्यापासून दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो! उष्णतेवर केलेला उपाय योग्य होता. पण त्याच्या पोटी दुसरा रोग जन्मला, आणि तो आम्हीच रोज भरवीत होतो.

मग काटा खोटे का बोलत होता? बाजारातल्या एका मुलाने आपल्या दुकानातल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणाऱ्या उपकरणाने आमच्या पाण्याचा थेंब तपासला. आधी त्याने ३५ च्या प्रमाणित द्रावणाने आपले उपकरण जुळवून घेतले, हे आम्हांस फार आवडले. आकडा निघाला १.०३१. घरी येऊन आम्ही आमचा हायड्रोमीटर नीट पाहिला. त्याच्या हलत्या काट्यावर वाळलेल्या मिठाचे पांढरे कवच चढले होते. काटा जड झाला, म्हणून कमी वर चढला, म्हणून आकडा कमी दाखवला. याउलट काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो जास्त दाखवतो. प्रत्येक वापरानंतर साध्या पाण्याने तो धुवायचा, एवढीच त्याची मागणी होती.

रोग कळला, पण उतावळेपणा येथेही घातक. एकदम गोडे पाणी ओतले तर प्रवाळाच्या पेशींना दुसरा धक्का. म्हणून रोज थोडे खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध केलेले पाणी घालायचे, दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा, म्हणजे ०.०००५ पेक्षा, अधिक उतार नाही असे ठरवले. दहा दिवस लागले. या दहा दिवसांत दुसरे काहीही केले नाही. काहीही न करणे हे सर्वांत अवघड काम होते. सहाव्या दिवशी एका गुच्छाची तीन बटणे उघडली. घरच्या मंडळींनीच प्रथम पाहिली आणि आम्हांस कचेरीत फोन केला.

छत्रीच्या बुडाशी सड पसरत होती. धारदार पात्याने सडका भाग निरोगी मांसापर्यंत कापून काढला. मऊ प्रवाळांत ही अद्भुत शक्ती आहे, की निरोगी तुकडा नव्याने धरतो. वरचा अर्धा भाग एका दगडावर सैल बांधून ठेवला. तीन आठवड्यांत त्याने दगड धरला. पाचांतले तीन वाचले. झेनिया गेला, एक गुच्छ गेला. ते दोघे आमच्या अज्ञानाने गेले, हे येथे चारचौघांत कबूल केले पाहिजे.

आपणांपैकी कोणाच्या घरी अशी टाकी असेल, तर बाकीची सामान्य कारणेही थोडक्यात सांगतो. आपले नळाचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यातले क्लोरीन या जीवांना मारक. ते शुद्ध करून घ्यावे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचे औषध देतात. ते प्रवाळाच्या टाकीत कधीही घालू नये, आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा. नवा प्रखर दिवा एकदम न लावता आठवड्या-आठवड्याने वाढवावा. पाणी अति स्वच्छ ठेवण्याचा हट्टही बाधतो. मऊ प्रवाळांना व त्यांच्या शैवालाला थोडे नायट्रेट, थोडे फॉस्फेट लागते; दोन्ही शून्यावर आणाल तर तो उपासमारीचा कारखाना होईल. मऊ प्रवाळ शेजाऱ्याला हटवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात. समुद्रात ती विरून जातात. दीडशे लिटरांत साठतात. दहा बाय बाराच्या खोलीत दोन कुटुंबे राहिली की काय होते, ते आपणांस सांगायला नको. अंतर ठेवावे, लाकडी कोळशासारखा सक्रिय कार्बन वापरावा, नेमाने थोडे थोडे पाणी बदलावे. आणि एक ध्यानात ठेवावे: वाफेने पाणी थंड करण्याची युक्ती मेमध्ये चालते, पावसाळ्यात हवा दमट झाली की पंखा फारसा उपयोगी पडत नाही.

एक इशारा मात्र गंभीर आहे. बटणांच्या गुच्छांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ते उघड्या हातांनी कापू नयेत, आणि त्यांनी भरलेला खडक साफ करण्यासाठी कधीही उकळू नये. त्या वाफेने परदेशांत घरातली माणसे इस्पितळात गेली आहेत.

आता कोणी म्हणेल, हा शौकिनांचा खेळ, याचा गावाशी काय संबंध? संबंध आहे. ओहोटीला हाजीअलीच्या खडकांवर जाऊन पाहा; त्याच बटणांच्या जातभाईंचे गालिचे तेथे पसरलेले दिसतील. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाने ओहोटीच्या फेऱ्या काढून शेकडो मुंबईकरांना हे दाखवले आहे. दगडी प्रवाळही तेथे आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० च्या अखेरीस वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, हे पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि सागरपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणून किनाऱ्यावरून यांतले काहीही उचलून टाकीत आणू नये. कायदा नसता तरी आणू नये असेच आम्ही म्हणू. टाकीत लावायचेच असेल, तर आमच्या स्नेह्याने दिला तसा, टाकीतच वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा लावावा.

समुद्र म्हणजे फार मोठी टाकी, आणि तिलाही उकाडा होतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. आमच्या टाकीवर पंखा लावता आला. अरबी समुद्रावर पंखा लावता येत नाही. तेथेही एकटा मिटलेला नाही, सगळे मिटले आहेत. तेव्हा दोष प्रवाळात शोधण्यात अर्थ नाही.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. जे सांगितले ते एका वहीच्या आणि दोन मेलेल्या जीवांच्या आधारावर. त्याचे सार एवढेच: जो बोलू शकत नाही त्याचे मिटणे वाचायला शिका. मोजण्याआधी उपाय करू नका, आणि मोजण्याचे साधनही तपासून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदल हळू करा. ही शिस्त आम्हांस संघटनेत ठाऊक होती. घरी आमच्या अंगी ती नव्हती.

पावसाळा सुरू झाल्यावर छत्रीचा एक छोटा तुकडा आम्ही कापला. मावशींच्या नातवाने नवी टाकी केली आहे, त्याला तो दिला. मावशी आता त्याला रोज विचारतात, "आज पाणी घातलंस का, नुसतं पाणी?"